अक्काताईंचे दोन सुळे

“कुठला काढायचा ते आधी ठरवा, मग मी तोंड उघडते,” असं म्हणून अक्काताई भोई यांनी तोंड गच्च मिटलं आणि खुर्चीच्या हातांवर मुठी आवळून त्या समोरच्या कॅलेंडरकडे बघत बसल्या.

मी आपला छोटा आरसा हातात धरून उभा. दातांच्या डॉक्टरपुढे पेशंट तोंडच उघडत नाही म्हटल्यावर त्यानं करायचं तरी काय?

“अक्काताई, नुसतं बघतो. हातसुद्धा लावत नाही.”

“बगून बगून दात झिजलं माझं,” त्या म्हणाल्या. “मागल्या मंगळवारी थोरलं डाक्टर म्हनलं डावा काढायचा. शनवारी बाई म्हनल्या उजवा काढायचा. आज परत मंगळवार उगावला. आता तुमी काय म्हंताय?”

मी काय म्हणणार? दवाखाना माझा, खुर्ची माझी, पाटीवर नाव माझं, आणि दातखीळही माझीच बसलेली.

ही विट्यातली गोष्ट. मोबाईल अजून खेड्यापाड्यांत आले नव्हते आणि दाताचा एक्स-रे म्हणजे बोटाच्या पेराएवढी काळी फिल्म असायची. तिला सगळे ‘फोटो’च म्हणत. मी साधा दातांचा डॉक्टर. दात भरणं, साफ करणं, कवळी करणं ही माझी कामं. त्यापुढचं काही आलं की बाहेरच्या तज्ज्ञांना बोलवायचं, ही तेव्हा सगळ्या तालुक्याच्या गावांची रीत होती. प्रत्येक तज्ज्ञाचा वार ठरलेला. माझ्याकडे मंगळवारी सांगलीहून एसटीनं डॉ. वामन सप्रे यायचे. ते सर्जन, अडलेल्या दाढा आणि मोडलेले जबडे त्यांचे. कॉलेजात ते माझे सर होते. शनिवारी मिरजेहून आपली पांढरी मारुती चालवत डॉ. रेश्मा शिकलगार यायच्या. किडलेल्या दाताची मुळं आतून साफ करून दात वाचवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

दोघंही एकाच खुर्चीशेजारी उभे राहत, एकाच पेशंटच्या तोंडात काम करत, माझ्याकडच्या त्याच फुलाफुलांच्या कपातून चहा घेत, पण त्यांनी एकमेकांना उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं. मंगळवारचा माणूस शनिवारच्या माणसाला भेटणार कसा? मधे निरोप पोचवायला मी होतो. एरवी हे छान चालायचं. दाताला भोक कुठे आहे ते तोंडात दिसतंच, पेशंटही बोट ठेवून दाखवतो, त्यामुळे भांडायला फारशी जागा उरत नसे.

अक्काताईंच्या तोंडात मात्र ती जागा भरपूर होती. खालचे दात बऱ्यापैकी शाबूत, पण वरच्या जबड्यात उरलेले फक्त दोन. एक उजवा सुळा, एक डावा सुळा. मधे सगळं मोकळं मैदान. दोन्ही सुळे दिसायला अगदी सारखे, दोन्ही घट्ट. दुखतं म्हणून त्या आल्या होत्या, पण कुठला ते सांगता येत नव्हतं. टकटक केलं तर दोन्हींना “हाय की वाईच”, गार पाण्याचा बोळा लावला तर दोन्हींना “हाय की वाईच”. फोटो काढल्यावर कळलं की एकाचं मूळ आतून पार खाल्लं गेलंय आणि दुसऱ्याचं ठीक आहे. बेत असा होता की खराब सुळा सरांनी काढायचा, चांगल्या सुळ्याचं मूळ मॅडमनी साफ करून तो पक्का करायचा आणि त्याच्या आधारानं मी कवळी बसवायची.

बेतात वाईट काही नव्हतं. फक्त सरांच्या मते चांगला सुळा उजवा होता आणि मॅडमच्या मते डावा.

“मला एक तरी दात माजा पायजे,” अक्काताई पहिल्या दिवसापासून सांगत होत्या. स्टँडमागे त्यांची फुटाण्यांची भट्टी होती. तापल्या वाळूत हरभरे टाकायचे, झाऱ्यानं हलवायचे, आणि घाणा उतरायच्या आधी एक फुटाणा सुळ्याखाली धरून फोडायचा. तो कसा फुटतो त्यावर घाणा उतरवायचा की नाही ते ठरे. सून बरेच दिवस म्हणत होती, की आत्या, आता तुम्ही घरात बसा, भट्टी मी बघते. अक्काताईंनी तिला एकच सांगून ठेवलं होतं, ज्या दिवशी मला फुटाणा फोडता येणार नाही त्या दिवशी झारा तुझा. तेव्हापासून सून सासूच्या दातांची चौकशी जरा जास्तच मायेनं करायला लागली होती.

म्हणजे आम्ही चुकीचा सुळा काढला असता तर उरलेला खराब सुळा चार दिवसांत आपणहून गेला असता. सुळे गेले की झारा गेला. हे मला कळत होतं आणि म्हणून रात्रीची झोप उडाली होती.

त्या मंगळवारी अक्काताईंना बाकावर बसवून मी सरांची वाट बघत राहिलो. अकराच्या गाडीनं सर आले. सडपातळ, ताठ, पांढरी पँट आणि पांढरा शर्ट. चहा पुढे ठेवला की ते बिस्कीट त्यात इतका वेळ बुडवून ठेवत की निम्मं तळाशी जाई. हसायचेसुद्धा ओठ मिटून.

“सर, तो अक्काताईंचा सुळा... शिकलगार मॅडमचं मत अजून डावा ठेवावा असंच आहे.”

“कारंडे,” सरांनी कप खाली ठेवला. “या बाई शिकल्या कुठे?”

“मुंबईला, सर.”

“तरीच! मुंबईला शिकलेल्या माणसाच्या हाती आपलं तोंड देऊ नये. अनुभवानं सांगतोय. आण तो फोटो.”

मी दोन्ही फोटो पुठ्ठ्याच्या चौकटीत शेजारी शेजारी लावून ठेवले होते. सरांनी चौकट खिडकीच्या उजेडात धरली, एक डोळा मिटला आणि ते खेकसले, “ढळढळीत दिसतंय! उजवा चांगला, डावा गेलेला. त्या बाईंना म्हणावं आधी डोळे तपासून घ्या.”

फोटो बघण्यात सरांचा हात धरणारं कॉलेजात कुणी नव्हतं. पहिल्याच तासाला त्यांनी मला उभं केलं होतं. “कारंडे, दाताचा फोटो बघताना तू कुठे असतोस?” मी म्हणालो, “खुर्चीशेजारी, सर.” “चूक! तू पेशंटच्या जिभेवर बसलेला असतोस. मांडी घालून. आणि तिथून आजूबाजूला बघत असतोस.” अख्खा वर्ग हसला, पण पुढे जन्मभर मी प्रत्येक फोटो मनातल्या मनात जिभेवर मांडी घालूनच लावला आणि बघितला. ते अंगवळणीच पडलं होतं.

शनिवारी मॅडम आल्या. मी सरांचा निरोप सभ्य करून सांगितला. “सर म्हणाले, फोटोवर पुन्हा एकदा नजर टाकली तर बरं होईल.”

मॅडमनी तीच चौकट त्याच खिडकीशी धरली. “किती वेळा टाकू? डावा चांगला आहे. उजव्याचं मूळ खाल्लेलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. सरांचं वय काय?”

“साठीच्या पुढे असतील.”

“मग त्यांना सांगा, की आता फक्त शिकवा म्हणावं.”

मंगळवारी मी सरांना सांगितलं, “मॅडमना तुमच्या अनुभवाचा फार आदर आहे, पण...”

“पण नको,” सर म्हणाले. “पणच्या पुढचं खरं असतं.”

असा मी कात्रीत सापडलो. माझी नजर विचाराल तर मला सरांचंच पटत होतं. पण आपण ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांचंच आपल्याला पटणार, त्यात काय विशेष? आणि उद्या मॅडम खऱ्या निघाल्या तर? दोघांचंही ऐकावं तर अक्काताईंचे दोन्ही सुळे जातात, आणि कुणाचंच न ऐकावं तर दुखणं तसंच. दोघांपैकी एक रागावून यायचे बंद झाले तर माझा निम्मा दवाखाना बंद. बायको म्हणाली, “नाणं उडवा.” मी खरंच क्षणभर विचार केला, आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

तोड काढली ती अक्काताईंनी. “दोगास्नी एकदम बोलवा की,” त्या म्हणाल्या. “आमच्यात सोयरीक ठरवायची म्हनलं तर दोनीकडची मान्सं एका जाग्याला बसत्यात. तुमी येक आज बोलवताय, येक चार दिसानं. आन मदी तुमीच पळताय. अशानं कुनाचं लगीन ठरलंय का?”

ही साधी गोष्ट मला सुचली नव्हती. सुचली असती तरी करायचं धाडस झालं नसतं. पण आता पेशंटचीच आज्ञा. मी दोघांनाही रविवारी सकाळी बोलावलं. सरांना सांगितलं, मॅडमना तुमचं मार्गदर्शन हवंय. मॅडमना सांगितलं, सरांना नवीन पद्धत समजून घ्यायचीय. सोयरिकीत मधला माणूस एवढं खोटं बोलतोच.

रविवारी सर एसटीतून उतरून रस्ता ओलांडत होते तेवढ्यात मॅडमची मारुती दारात आली. दोघं एकाच वेळी पायरीशी पोचले. मी दार धरून उभा. आता उडणार भडका!

“या, तुम्ही आधी,” सर म्हणाले.

“नाही सर, तुम्ही आधी.”

“अहो, तुम्ही लांबून आलात.”

“तुम्ही तर एसटीनं आलात, सर.”

दोघंही पायरीवरच. शेवटी आधीच आत येऊन बसलेल्या अक्काताई ओरडल्या, “कुनी तरी या!” तेव्हा सर आत आले.

बायकोनं पोहे दिले. सरांनी बशीतले शेंगदाणे एकेक करून वेगळे काढले आणि कडेला ओळीनं मांडून ठेवले.

“शेंगदानं टाकताय व्हय?” अक्काताईंनी विचारलं. फुटाण्यांबरोबर शेंगदाणेही भाजून पोट भरणाऱ्या बाईला ते बघवेना.

“पथ्य आहे,” सर म्हणाले.

मग दोघं बोलू लागले आणि माझा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. सरांनी मॅडमनी वाचवलेल्या दातांची तारीफ केली. मॅडम म्हणाल्या, तुम्ही काढलेल्या दाढांच्या जखमा बघून मी थक्क होते. इतके दिवस मी ज्यांचे निरोप धुऊन, इस्त्री करून पोचवत होतो तेच का हे दोघं? माणूस समोर बसलं की डोळे तपासा म्हणायला जीभ रेटत नाही, हेच खरं.

“तर या अक्काताईंचं,” सर घसा साफ करून म्हणाले. “मी विचार केला. दात वाचवायचं काम तुमचं. तुम्ही म्हणता तर डावाच ठेवू. मी उजवा काढतो.”

“छे छे, सर!” मॅडम गडबडीनं म्हणाल्या. “मीही विचार केला. तुमचा अनुभव एवढा. तुम्ही म्हणता तसा उजवाच ठेवू. डावा काढा.”

“नाही नाही, डावा ठेवू.”

“नाही सर, उजवा.”

“बाई, मी तुमचंच म्हणणं सांगतोय.”

“आणि मी तुमचं, सर.”

आवाज चढायला लागले. आधी दोघं आपापल्या मतासाठी भांडत होते, आता एकमेकांच्या मतासाठी भांडू लागले. फरक एवढाच की आता मधे मी नव्हतो.

“गप बसा!” अक्काताई खुर्चीतून उठल्या. “हितं माजा जीव चाललाय आन तुमी मानपान करताय? दात माजा हाय. मला दावा त्यो फोटू. कुटला चांगला, कुटला किडका, बोट ठिवून दावा. मग मी सांगते.”

मी चौकट आणून खिडकीच्या काचेला टेकवून धरली. काळ्या फिल्मवर दोन पांढरे सुळे.

“आता दावा. चांगला कुटला?”

सरांनी आणि मॅडमनी एकाच वेळी बोट पुढे केलं. बोललेही एकाच वेळी.

“हा. उजवा,” सर म्हणाले.

“हा. डावा,” मॅडम म्हणाल्या.

दोघांची बोटं एकाच सुळ्यावर टेकली होती. नखाला नख लागलं होतं.

अक्काताईंनी एकदा सरांच्या बोटाकडे पाहिलं, एकदा मॅडमच्या बोटाकडे. “ह्यो तर येकच हाय की,” त्या म्हणाल्या.

“बाई,” सर हळूच म्हणाले, “तुम्ही कुठे उभ्या आहात?”

“कुठे म्हणजे? पेशंटच्या समोर, सर. पेशंट माझ्यापुढे तोंड करून. त्याचा डावा माझ्या उजवीकडे येतो.”

“समोर? बाहेर?”

“मग कुठे उभं राहायचं, सर?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मला हसू फुटायला लागलं होतं. जिभेवर बसलेल्याला उजवा सुळा उजवीकडे दिसतो, समोर उभ्या असलेल्याला तोच डावीकडे दिसतो. फोटो मी लावलेला, म्हणजे जिभेवर बसून लावलेला. जगात सगळे डॉक्टर असेच बसतात, अशी माझी ठाम समजूत होती. समोर उभं राहून बघायची दुसरी एक रीत आहे, आणि ती मुंबईत शिकवतात, हे ना मला माहीत होतं ना सरांना. आणि मॅडमना जिभेवरची रीत माहीत नव्हती. इतर पेशंटांच्या तोंडात आजूबाजूला दात असत, किडीचं भोक दिसत असे, म्हणून आजवर निभावलं होतं. इतके दिवस दोघं एकच गोष्ट सांगत होते आणि मी मधे पळत होतो.

“तरी खात्री करू,” सर म्हणाले. आवाज एकदम मऊ झाला होता. “कारंडे, एकच फोटो घे. अक्काताई, तुमच्या उजव्या हाताचं बोट उजव्या सुळ्यावर ठेवा. घास खाता तो हात.”

त्या एकाच सुळ्याचा फोटो मी घेतला. हात काळ्या डब्यात घालून फिल्म धुतली, पाण्यात खळबळली आणि चिमट्याला लावून बाहेर काढली. तिघंही माझ्या खांद्यावरून वाकलेले. ओल्या फिल्मवर मूळ टोकापर्यंत स्वच्छ, सरळ. उजवा सुळा चांगला होता.

“सर, तुमचं बरोबर होतं,” मॅडम म्हणाल्या.

“तुमचंही बरोबरच होतं,” सर म्हणाले. यावेळी त्यात मानपान नव्हता.

डावा सुळा सरांनी तिथल्या तिथे काढला. भूल द्यायच्या आधी त्यांनी सुळ्यावर बोट ठेवून मॅडमना विचारलं, “हा?” मॅडमनीही त्याच सुळ्यावर बोट ठेवलं, “हाच.” मग माझ्याकडे वळून, “हा?” मीही हात लावला. अक्काताई तोंड वासून आमची ही तीन बोटं मोजत होत्या. सुळा निघाला तेव्हा त्याचं मूळ आतून पोखरलेलं सगळ्यांना दिसलं. झारा वाचला होता.

कापसाचा बोळा चावून धरायला सांगितल्यावर अक्काताईंचं बोलणं बंद झालं. मग त्यांनी पदराच्या गाठीतून फुटाण्यांची पुडी काढून सरांच्या हातात दिली. दर वेळी देत, आणि सर दर वेळी ‘घरी नेतो’ म्हणून खिशात टाकत. आजही ते खिशाकडे हात नेऊ लागले. अक्काताईंनी त्यांचं मनगट धरलं आणि खुणेनं सांगितलं, इथंच खा. माझ्यासमोर.

“नंतर खातो.”

त्यांनी मान हलवली. आताच.

सरांनी पुडी टेबलावर ठेवली. मग त्यांनी आमच्याकडे पाठ केली, परत वळले, आणि स्टीलच्या ट्रेमध्ये काहीतरी टकदिशी ठेवलं. गुलाबी पट्टीवर बसवलेले पुढचे दोन दात.

“यानं फुटत नाही, अक्काताई,” ते म्हणाले. दात नसल्यानं शब्दांतून वारं जात होतं. बुडवलेली बिस्किटं, कडेला मांडलेले शेंगदाणे, मिटल्या ओठांचं हसू, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. सप्रेसरांचे दात खोटे आहेत हे इतक्या वर्षांत मला कळलं नव्हतं. दातांचा डॉक्टर म्हणवतो मी.

“तरुणपणी स्कूटरवरून पडलो,” सर सांगू लागले. “पुढच्या दोन दातांतल्या एकाचं मूळ आत मोडलं होतं, दुसरा ठणठणीत. बाहेरून दोन्ही सारखे. किर्तने म्हणून माझा जिवलग मित्र होता. आमच्या कॉलेजात नवीनच लागलेला. त्याला म्हटलं, मोडका काढ, चांगला ठेव. फोटो मीच लावून त्याच्या हातात दिला. त्यानं चांगला काढला. मोडका पुढे गेलाच. मी त्याला नाही नाही ते बोललो. तो म्हणे, फोटोत दिसला तोच काढला, शपथ घेतो. मला वाटलं, चूक करून वर खोटं बोलतोय. त्याच्या लग्नाला गेलो नाही. त्यानं पाठवलेले पेढे परत केले. शेवटी तो नोकरी सोडून निघून गेला.” सरांनी ट्रेमधली पट्टी सरळ केली. “मुंबईला. शिकलेलाही तिकडेच होता.”

मॅडम पुढे सरकल्या. “कोण किर्तने, सर? दिनकर किर्तने?”

“तुम्ही ओळखता?”

“आम्हाला फोटो बघायला त्यांनीच शिकवलं.”

सर मटकन स्टुलावर बसले. एवढा शिस्तीचा माणूस, त्याला आपल्या दातांचं नव्हे, त्या परत केलेल्या पेढ्यांचं वाईट वाटत होतं, हे स्पष्ट दिसत होतं.

अक्काताईंनी टेबलावरच्या फोनकडे बोट केलं. सर म्हणाले, “आता काय उपयोग?” अक्काताईंनी बोट हलवलं नाही. तोंडात बोळा होता म्हणून सर वाचले, नाहीतर त्या काय बोलल्या असत्या देव जाणे. मॅडमनी पर्समधून डायरी काढली आणि नंबर फिरवून रिसीव्हर सरांच्या हातात दिला.

पलीकडे उचलला. किर्तनेसरांना कमी ऐकू येत असावं, कारण ते ओरडूनच बोलत होते आणि आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. “हॅलो! कोण?”

“मी. वामन सप्रे.”

“कोण? नीट बोला! वारं येतंय!”

सरांनी दात न घालताच पुन्हा नाव सांगितलं.

“किर्त्या,” सर म्हणाले. “एकच विचारायचंय. माझ्या दाताचा तो फोटो... तू बाहेरून बघत होतास का रे?”

“म्हणजे?” पलीकडून आवाज कडाडला. “बाहेरून नाही तर काय तुझ्या जिभेवर बसून बघायचं होतं?”

सरांनी आमच्याकडे पाहिलं आणि हसायला सुरुवात केली. पुढचे दोन दात ट्रेमध्ये पडलेले, आणि सर तोंड उघडून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. पलीकडून किर्तनेसर “अरे हसतोस काय, बोल की!” म्हणून ओरडत होते.